चांदण्यात उतरणारं विमान: फ्रान्सच्या भूमिगतांना इंग्लंडहून मदत कशी पोचायची?

नूर इनायत खानवरचा मेसेज तुमच्याही ग्रुपवर कधी ना कधी येऊन गेला असेल. टिपू सुलतानाच्या वंशातली मुलगी, दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिशांची गुप्त रेडिओ ऑपरेटर, जर्मनांनी डाखाऊच्या छळछावणीत गोळी घालून मारलेली. तिचे वडील हजरत इनायत खान बडोद्याचे, आणि पणजोबा मौलाबक्ष हे सयाजीराव गायकवाडांच्या दरबारातले नावाजलेले गवई. त्यामुळे आपल्याकडे हा मेसेज जरा जास्तच आपुलकीने पुढे जातो. त्यात एक वाक्य हमखास असतं: ‘तिला पॅराशूटने फ्रान्समध्ये उतरवण्यात आलं.’

हे बरोबर नाही. नूर विमानातून उडी मारून गेली नाही. १६ जून १९४३ च्या रात्री इंग्लंडहून निघालेलं एक छोटं विमान लुआर नदीच्या खोऱ्यात, आँजे शहराजवळच्या एका कुरणात उतरलं. ती शिडीवरून खाली आली, परत जाणारी माणसं वर चढली आणि विमान निघून गेलं.

इथे कोणीही बुचकळ्यात पडेल. फ्रान्स तेव्हा जर्मन सैन्याच्या ताब्यात होता. किनाऱ्यावर तोफा, रडार, रात्री फिरणारी लढाऊ विमानं, खाली संचारबंदी. अशा देशात ब्रिटिश विमान जमिनीवर टेकतं, माणसं चढतात-उतरतात आणि ते सुखरूप परत जातं, हे जमत कसं होतं? आणि एकदा नाही, चार वर्षं.

## हा उद्योग कोणाचा?

जून १९४० मध्ये फ्रान्स पडला. पुढच्याच महिन्यात ब्रिटिश सरकारने एक गुप्त खातं काढलं, स्पेशल ऑपरेशन्स एक्झिक्युटिव्ह. पुढे त्याला एसओई म्हणू. काम एकच: जर्मनांनी गिळलेल्या देशांत जे लोक त्यांच्याविरुद्ध उभे राहतील त्यांना शस्त्रं, पैसा, रेडिओ आणि शिकवलेली माणसं पुरवायची. फ्रान्समधल्या अशा लोकांना इंग्रजीत ‘रेझिस्टन्स’ म्हणतात. आपल्याकडे बेचाळीसमुळे ‘भूमिगत’ हा शब्द सगळ्यांना कळतो, तोच इथे वापरतो. (याच काळात साताऱ्याच्या भूमिगतांच्या मागे हेच ब्रिटिश सरकार पोलीस लावून होतं, याची नोंद मनात ठेवूनच पुढे वाचावं.)

एसओईकडे स्वतःची विमानं नव्हती. ती मागायची हवाईदलाकडे, आणि हवाईदलाचा या प्रकरणात जीव नव्हता. हवाईदल प्रमुख पोर्टल यांनी १९४१ च्या सुरुवातीला चक्क लेखी कळवलं, की साध्या कपड्यांतली माणसं शत्रूच्या सैनिकांना मारण्यासाठी उतरवणं या प्रकाराशी रॉयल एअर फोर्सचं नाव जोडलं जाऊ नये. वर्षभरातच हेच हवाईदल जर्मन शहरं बेचिराख करायला निघालं, तेव्हा हा सोवळेपणा किती टिकला ते दिसलंच. खरी अडचण नीतीची नव्हती, विमानांची होती. बॉम्बफेकीसाठीच विमानं पुरत नसताना दोन-तीन हेरांसाठी एक अडकवायचं कशाला, असा साधा हिशोब होता.

तरी हळूहळू दोन खास तुकड्या उभ्या राहिल्या. १३८ क्रमांकाची स्क्वाड्रन ऑगस्ट १९४१ मध्ये, १६१ क्रमांकाची फेब्रुवारी १९४२ मध्ये. दोघींचा मुक्काम बेडफर्डशायरमधल्या टेम्प्सफर्ड या विमानतळावर. तिथल्या जिब्राल्टर फार्म नावाच्या कोठारात एजंटांची शेवटची झडती व्हायची. खिशात लंडनच्या बसचं तिकीट किंवा इंग्रजी काडेपेटी राहिली तरी पुढे जीव जाऊ शकत होता. छोटी विमानं मात्र चांदण्याच्या दिवसांत दक्षिण किनाऱ्यावर टँगमिअरला आणून ठेवत, म्हणजे फ्रान्स तेवढाच जवळ.

## अमावास्येला का नाही?

चोरून जायचं तर काळोख हवा, असं आपल्याला वाटतं. इथे नेमकं उलट होतं. ही उड्डाणं साधारण शुद्ध अष्टमीपासून वद्य अष्टमीपर्यंत चालायची आणि उरलेला पंधरवडा जवळजवळ सुट्टी. वैमानिक या दिवसांना ‘मून पीरियड’ म्हणत.

कारण साधं आहे. आजच्यासारखं जीपीएस नव्हतं. युद्धामुळे गावागावांत दिवे बंद. छोट्या विमानात वैमानिक एकटाच, वाट सांगणारा दुसरा माणूस नाही. त्याला गुडघ्यावर नकाशा ठेवून, खिडकीतून खाली बघत जायचं होतं. चांदण्यात नदी चकाकते, जंगलाची कड काळी दिसते, रेल्वेचे रूळ ओळखू येतात. लुआर नदीचं एखादं वळण सापडलं की पुढची वाट सोपी. काळोख्या रात्री यातलं काहीच दिसत नाही, आणि दोनशे-तीनशे मैलांवरचं एक कुरण शोधणं म्हणजे निव्वळ नशीब.

ह्यू व्हेरिटी हे १९४३ मध्ये या छोट्या विमानांच्या गटाचे प्रमुख होते. स्वतः तीसेक वेळा फ्रान्समध्ये उतरून आले. निघण्याआधी वाटेवरची प्रत्येक खूण पाठ करण्यावर त्यांचा कटाक्ष असे. नकाशाचा फक्त वाटेपुरता पट्टा कापून घडी घालायची, उड्डाणात नजर बाहेर आणि नकाशाकडे फक्त खात्रीपुरतं बघायचं.

म्हणजे या सगळ्या उद्योगाचं वेळापत्रक लंडनमधल्या कोणा साहेबाच्या हातात नव्हतं, चंद्राच्या होतं. नूर गेली त्या रात्री ज्येष्ठ पौर्णिमा एक-दोन दिवसांवर आली होती. लंडनमधून फ्रान्सच्या सुटकेचा लढा चालवणारे जनरल द गॉल, त्यांचे फ्रान्समधले प्रतिनिधी जाँ मूलँ इंग्लंडहून परत गेले ते मार्च १९४३ मध्ये, होळीच्या आसपास. त्या आठवड्यात ढग आले, धुकं पडलं, की काम पुढच्या महिन्यावर. तोपर्यंत ज्याला न्यायचं तो माणूस शत्रूच्या नाकाखाली आणखी चार आठवडे लपून राहणार.

धुक्याने वैमानिकांचेही बळी घेतले. १६ डिसेंबर १९४३ च्या रात्री फ्रान्समधलं काम उरकून परतलेल्या दोन वैमानिकांना आपलाच विमानतळ दिसेना. दोघेही कोसळून ठार झाले, एकाबरोबर त्याचे प्रवासीही गेले. जर्मन गोळी लागली नाही, घरच्या अंगणात मेले.

## टाकून दिलेलं विमान

या कामासाठी निवडलेलं विमान होतं वेस्टलँड लायसँडर. बनवलं होतं सैन्याला मदत करायला, म्हणजे टेहळणी, निरोप, तोफखान्याला दिशा दाखवणं. १९४० मध्ये फ्रान्सच्या लढाईत जर्मन लढाऊ विमानांनी त्यांचा फडशा पाडला. हळू चालणारं, अंगाने बोजड, लढाईच्या दृष्टीने निकामी.

पण एक गुण त्यात होता. पंख वर बसवलेले आणि अशा बनावटीचे, की वेग अगदी कमी केला तरी ते हवेत तरंगत राहतं. म्हणून पाच-सहाशे मीटरच्या ओबडधोबड कुरणातही ते उतरायचं आणि तिथूनच उडायचं. एसओईला नेमकं हेच हवं होतं. मागची मशीनगन काढली, पोटाखाली दीडशे गॅलनची म्हणजे जवळपास ६८० लिटरची जादा टाकी लावली, डाव्या अंगाला लोखंडी शिडी कायमची ठोकली, म्हणजे काळोखात पायरी शोधत बसायला नको. मागच्या जागेत दोन माणसं बसत, तीनही कोंबत, आणि गळ्याशी आलं तर चार. शस्त्र म्हणाल तर वैमानिकाच्या कमरेला एक पिस्तूल.

जास्त माणसं असली की हडसन हे दोन इंजिनांचं मोठं विमान जायचं. त्याला जागा किलोमीटरभर लागे, त्यामुळे मैदान शोधणाऱ्याची डोकेदुखी दुप्पट. १५ नोव्हेंबर १९४३ च्या रात्री आँजेजवळून असंच एक हडसन माणसं घेऊन आलं, त्यातले एक प्रवासी म्हणजे फ्रान्सचे पुढचे राष्ट्राध्यक्ष फ्रान्स्वा मितराँ.

## तीन बॅटऱ्यांचा विमानतळ

आता मुख्य प्रश्न. त्या कुरणात विमान उतरवायचं कसं?

आपल्याकडे एसटीची ‘हात दाखवा, गाडी थांबवा’ योजना होती ना, तसाच हा मामला. थांबा नाही, फलक नाही. रस्त्याच्या कडेला माणूस उभा राहिला आणि त्याने हात दाखवला की गाडी थांबणार. फरक इतकाच, की इथे हात दाखवणारा आपला माणूस आहे की जर्मन, हे ड्रायव्हरला आधी कळायला हवं. म्हणून खूण ठरलेली असे. विमानाची घरघर ऐकू आली की खालचा माणूस बॅटरीने एक अक्षर मोर्स लिपीत दाखवायचा. मोर्स म्हणजे अक्षरांसाठी लहान-मोठ्या उघडझापीची भाषा. वैमानिक आपल्या दिव्याने उत्तराचं अक्षर द्यायचा. अक्षर जुळलं तरच उतरायचं. चुकलं, किंवा दिसलंच नाही, तर सरळ मागे फिरायचं.

अक्षर जुळलं की जमिनीत खोवलेल्या काठ्यांना बांधलेल्या तीन साध्या बॅटऱ्या पेटायच्या. पहिली जिथे चाकं टेकायची तिथे. दुसरी तिच्यापासून दीडशे मीटर पुढे, वारा ज्या बाजूने येतो त्या दिशेला. तिसरी दुसरीच्या उजवीकडे पन्नास मीटरवर. वरून बघितलं तर उलटं ‘एल’ अक्षर दिसे. ही मांडणी अगदी पहिल्या खेपेपासूनची. ऑक्टोबर १९४० मध्ये फार्ली नावाच्या वैमानिकाने श्नायडो या एजंटाला फाँतेनब्लोजवळून उचललं, तेव्हा दोघांनी आधी बसून ही दिव्यांची जागा ठरवली होती. (त्या खेपेला परतताना इतकं वादळ होतं, आणि होकायंत्रही निकामी झालेलं, की ते भरकटत स्कॉटलंडच्या पश्चिम किनाऱ्यावर जाऊन पडले. दोघंही वाचले.)

पहिल्या दिव्यापाशी टेकायचं, दुसऱ्याच्या आत वेग आटोक्यात आणायचा, दुसऱ्या-तिसऱ्याच्या मधून उजवीकडे वळून पुन्हा पहिल्यापाशी यायचं आणि तोंड वाऱ्याकडे करून उभं राहायचं. इंजिन बंद करायचं नाहीच. मैदानाचा जबाबदार माणूस पहिल्या दिव्याच्या डाव्या बाजूला असणार, हेही ठरलेलं. दुसऱ्या बाजूने कोणी विमानाकडे आला तर तो शत्रू समजून वैमानिकाने गोळी झाडायला हरकत नव्हती.

मग चढ-उतार. येणाऱ्यांपैकी एक आधी उतरायचा. दुसरा वरच थांबून सामान खाली द्यायचा, जाणाऱ्यांचं सामान वर घ्यायचा आणि मग स्वतः उतरायचा. सामानात कागदपत्रांच्या थैल्या, रेडिओचे भाग, नोटा. त्यात वैमानिकाला फ्रेंचांकडून कोन्याक ब्रँडीची बाटली किंवा अत्तर, आणि इंग्लंडकडून खाली कॉफी आणि सिगारेटी, एवढी देवाणघेवाण व्हायचीच. सगळं सुरळीत झालं तर तीन मिनिटांत विमान पुन्हा हवेत.

अक्षराचा नियम का होता, हे ‘स्टिकी’ मर्फी या वैमानिकाला डिसेंबर १९४१ मध्ये बेल्जियममधल्या नफशातो इथे कळलं. अक्षर बरोबर येत नव्हतं, तरी खालचा माणूस अडचणीत असेल म्हणून तो मैदानाच्या दुसऱ्या टोकाला उतरला. जर्मन टपूनच होते. मानेला गोळी लागलेल्या अवस्थेत त्याने विमान परत आणलं. जखमेवर बांधायला काही नव्हतं, तेव्हा बायकोचा रेशमी पायमोजा, जो तो शुभ म्हणून जवळ बाळगायचा, तोच त्याने मानेला गुंडाळला.

नीट बघितलं तर यात विमानाचा भाग छोटाच आहे. मैदान शोधणं, त्याची लांबी-रुंदी मोजणं, भोवतीची झाडं-तारा बघणं, जमीन भुसभुशीत आहे का हे पारखणं, वर्णन रेडिओवरून लंडनला कळवणं, माणसं आधीपासून आणून गोठ्यात लपवणं, पहारा ठेवणं, विमान गेल्यावर चाकांच्या खुणा मिटवणं, हे सगळं खालच्यांनी करायचं. ही माणसं म्हणजे शेतकरी, शिक्षक, गावचा डॉक्टर. पकडलं गेलं तर वैमानिक युद्धकैदी होणार, निदान कागदावर तरी. शेतकऱ्याला भिंतीशी उभं करणार किंवा छळछावणीत पाठवणार. शौर्याची पदकं वरच्यांना जास्त मिळाली, हा या कामाच्या इतिहासातला मोठा असमतोल आहे, असं मला वाटतं.

## ‘आज रात्री येतोय’ हे कळवायचं कसं?

फोनचा प्रश्नच नव्हता. गुप्त रेडिओवर जास्त वेळ बोललं की जर्मनांच्या दिशा शोधणाऱ्या गाड्या दारात. म्हणून निरोप सगळ्या देशाला एकदम सांगायचा, फक्त तो एकालाच कळेल अशा बेताने.

बीबीसीच्या फ्रेंच बातम्यांबरोबर ‘खासगी निरोप’ वाचले जात. ‘जाँच्या मिशा लांब आहेत’ अशी वाक्यं, एकामागून एक, सपाट आवाजात. ऐकणाऱ्याला वाटावं निवेदकाचं डोकं फिरलं. पण एखाद्या खेड्यात रेडिओला कान लावून बसलेल्या चौघांना आपलं वाक्य ऐकू आलं, की ते कंदील, बॅटऱ्या घेऊन बाहेर पडायचे. कल्पना जॉर्ज बेगे याची. एसओईच्या फ्रेंच विभागाने ५ मे १९४१ च्या रात्री व्हालाँसे गावाजवळ उतरवलेला हा पहिला एजंट.

जर्मनही ऐकत होतेच. पण वाक्याचा अर्थ आधी तोंडी ठरलेला असला तर ते फोडणार काय? संकेत फोडता येतो, करार फोडता येत नाही. शिवाय या निरोपांचा आणखी एक उपयोग होता. एखाद्या एजंटाला गावातल्या सावकाराकडून उसने पैसे हवेत आणि हा खरंच लंडनचा माणूस का, अशी त्याला शंका आहे. एजंट म्हणायचा, तुम्हीच एक वाक्य सुचवा, परवा बीबीसीवर ऐका.

## सगळं पॅराशूटनेच का टाकलं नाही?

टाकलं की. बहुतेक माणसं आणि जवळजवळ सगळी शस्त्रं पॅराशूटनेच गेली. व्हिटली, मग हॅलिफॅक्स, स्टर्लिंग अशी बॉम्बफेकी विमानं पाच-सहाशे फुटांवरून पुरुषभर लांबीचे लोखंडी नळकांडे सोडायची. त्यांना कंटेनर म्हणत. आत स्टेन गन, काडतुसं, प्लास्टिक स्फोटकं, कधी बूट आणि चहाही. १९४४ च्या सुरुवातीपासून अमेरिकन हवाईदलही ‘कार्पेटबॅगर’ या नावाने, काळ्या रंगवलेल्या लिबरेटर विमानांतून यात उतरलं.

पण पॅराशूट फक्त खाली जातं. ज्याला परत आणायचं आहे, त्याच्यासाठी विमान जमिनीला टेकायलाच हवं. नकाशे, अहवाल, पत्रं यांचंही तेच. आणि प्रत्येकाला उडी मारायला सांगता येत नाही. मूलँबरोबर मार्च १९४३ मध्ये आलेले जनरल दलेस्त्रँ ६४ वर्षांचे होते.

## चिखल, बैल आणि नऊ महिन्यांची गरोदर बाई

जर्मनांपेक्षा जास्त विमानं चिखलाने छळली. जानेवारी १९४२ मध्ये नेस्बिट-ड्यूफोर या वैमानिकाचं विमान पंखांवर बर्फ साचून फ्रान्समध्येच उतरलं आणि खड्ड्यात अडकलं. तो महिनाभर लपून राहिला आणि मार्चच्या पहिल्या रात्री दुसऱ्या विमानाने परतला. त्याचं विमान ओढून नेत असताना रेल्वे फाटकावर गाडीने त्याचा चुराडा केला, म्हणजे पुरावा परस्पर मिटला.

पण खरी बघण्यासारखी रात्र होती ८ फेब्रुवारी १९४४ ची. ठिकाण पूर्व फ्रान्समध्ये, ज्युरा भागातलं ब्लेत्राँ गाव. जॉन ॲफ्लेक हा वैमानिक हडसन घेऊन उतरला, वळला आणि चाकं रुतली. जाणाऱ्यांमध्ये रेमाँ ओब्राक हा भूमिगत आणि त्याची बायको ल्युसी. रेमाँ हा जून १९४३ मध्ये मूलँबरोबरच पकडला गेलेला. ऑक्टोबरमध्ये ल्यों शहराच्या रस्त्यात जर्मनांच्या गाडीवर हल्ला करून त्याला सोडवलं, आणि त्या हल्ल्याची आखणी ल्युसीची. तेव्हा ती पाच-सहा महिन्यांची गरोदर होती. त्यानंतर दर पौर्णिमेला विमानाची वाट बघत, घर बदलत बदलत आता दिवस भरले होते.

विमान हलेना. नियम असा, की अडकलं तर पेटवून द्यायचं आणि वैमानिकाने पळ काढायचा. पण आजूबाजूच्या गावांतून माणसं आली. ज्या कामाचा सुगावाही लागू नये म्हणून एवढा आटापिटा, तिथे निम्मं गाव मैदानात. फावडी आली, घोडे आले, बैल आले. चाकांसमोर चर खणले, दोर बांधले, ढकललं, ओढलं. दोन तासांच्या वर हे चाललं होतं, इंजिनाच्या आवाजासकट. शेवटी विमान सुटलं, चिखल उडवत धावलं आणि कसंबसं उचललं. ल्युसीला चारेक दिवसांत लंडनमध्ये मुलगी झाली.

एवढी माणसं जमली आणि कोणीही वाच्यता केली नाही.

## जर्मनांना आवाज ऐकू येत नव्हता का?

येत होता. पण रोज रात्री शेकडो विमानं डोक्यावरून जात असत. त्यातलं एक खाली आलं का, हे कळायला तिथे माणूस हवा, आणि फ्रान्स केवढा मोठा. सैन्य शहरांत, बंदरांवर, रेल्वेच्या नाक्यांवर. खेड्यापाड्यांत रात्री फिरायला त्यांच्याकडे माणसं नव्हती. शंका येऊ नये म्हणून ही विमानं वाटेत प्रचारपत्रकंही टाकत, म्हणजे ‘पत्रकं टाकायला आलं होतं’ असा समज व्हावा.

हे झालं सोपं उत्तर. अवघड उत्तर असं, की काही ठिकाणी जर्मनांना सगळं माहीत होतं आणि त्यांनी मुद्दाम हात लावला नाही.

नूरला उतरवून घेणारा माणूस होता आँरी देरिकूर. स्वतः वैमानिक, जानेवारी १९४३ मध्ये फ्रान्समध्ये आलेला, मैदानं निवडण्यात आणि विमानं उतरवण्यात वाकबगार. त्याच्या मैदानांवर विमानाला कधी धक्का लागला नाही. लंडनला तो हिराच वाटला. पण पॅरिसमधल्या जर्मन सुरक्षा खात्याशी त्याचं संधान होतं. त्याच्या हातून जाणारी एजंटांची पत्रं जर्मनांपर्यंत पोचत, त्यांचे फोटो निघत आणि मग ती विमानात चढत. येणाऱ्यांच्या मागावर माणसं राहत. विमान पाडलं असतं तर एक विमान मिळालं असतं. चालू ठेवलं म्हणून अख्खी साखळी दिसत राहिली.

नूर आली त्याच्या आठवड्याभरात, २४ जूनला, ज्या ‘प्रॉस्पर’ गटासाठी ती आली होती त्याचा प्रमुख फ्रान्सिस सटिल पकडला गेला आणि गट कोसळला. याला देरिकूर किती जबाबदार, यावर अभ्यासक आजही भांडतात. गटाचे स्वतःचेही ढिसाळपणे होते. नूरला परत या म्हणून लंडनने विचारलं, ती राहिली. ऑक्टोबरमध्ये फितुरीने पकडली गेली आणि १३ सप्टेंबर १९४४ ला डाखाऊत तिला मारलं. त्या रात्री तिच्याबरोबर उतरलेल्या डायना राउडन आणि सेसिली लफोर याही छळछावण्यांतून परतल्या नाहीत.

देरिकूरवर १९४८ मध्ये फ्रेंच लष्करी न्यायालयात खटला चालला. एसओईचाच एक माजी अधिकारी त्याच्या बाजूने साक्षीला उभा राहिला आणि तो निर्दोष सुटला.

ब्लेत्राँला गावाने विमान ओढून काढलं, आँजेजवळ एका माणसाने माणसं हातोहात दिली. दोन्हीकडे विमान तेच होतं, आणि लंडनमधून बघणाऱ्याला दोन्ही खेपा सारख्याच यशस्वी दिसल्या.

## एवढ्या खटाटोपाने युद्धावर फरक पडला का?

शंका रास्त आहे. एका रात्री दोन-तीन माणसं, तीही निम्म्या महिन्यात. पण ती माणसं कोण, यावर हिशोब बदलतो. मूलँ पहिल्यांदा १९४२ च्या पहिल्या रात्री पॅराशूटने दक्षिण फ्रान्समध्ये उतरले, फेब्रुवारी १९४३ मध्ये लायसँडरने लंडनला गेले, महिन्याभरात लायसँडरनेच परतले आणि २७ मे १९४३ ला पॅरिसमध्ये त्यांनी एकमेकांची तोंडं न बघणारे गट, पक्ष आणि कामगार संघटना एका समितीत बसवल्या. पुढच्या महिन्यात ते पकडले गेले आणि छळाने गेले. समिती मात्र टिकली, आणि युद्धानंतर फ्रान्समध्ये अमेरिकन लष्करी कारभार न येता फ्रेंच सरकार आलं यात तिचा मोठा वाटा आहे. तीन चांदण्या रात्रींच्या मानाने हे स्वस्त म्हणायला हवं.

शस्त्रांचा हिशोब इतका सरळ नाही. जून १९४४ मध्ये दोस्त सैन्य फ्रान्सच्या उत्तर किनाऱ्यावर, नॉर्मंडीत उतरलं तेव्हा भूमिगतांनी रेल्वे जागोजागी उखडली. दक्षिणेकडून निघालेल्या ‘दास राइश’ या जर्मन चिलखती डिव्हिजनला, जिला काही दिवस पुरायला हवे होते, पोचायला दोन आठवड्यांच्या वर लागले. त्याच डिव्हिजनने वाटेत तुल गावात ९९ जणांना फाशी दिली आणि दुसऱ्या दिवशी ओरादूर गावात सहाशेच्या वर माणसं, बायका-मुलांसकट, मारली. विलंबाची किंमत कोणी मोजली, हे कळायला एवढं पुरे.

आणि व्हेर्कोर. आल्प्सच्या पायथ्याशी उंच पठार, तिथे हजारो तरुण जमले होते. १४ जुलै १९४४ ला, फ्रान्सच्या राष्ट्रीय दिनी, अमेरिकन विमानांनी भर दिवसा तिथे कंटेनरांचा पाऊस पाडला. पॅराशूटही निळे, पांढरे, लाल. लोक नाचले. आत बंदुका होत्या, पण ज्यांची ते जीव तोडून मागणी करत होते त्या उखळी तोफा आणि जड हत्यारं नव्हती. उलट दिवसाढवळ्या टाकल्यामुळे जर्मनांना जागा मात्र पक्की कळली. मैदान काळजीपूर्वक निवडायचं, गाजावाजा करायचा नाही, हे तीन बॅटऱ्यांवाल्यांनी चार वर्षांत शिकवलेलं सगळं त्या एका दिवशी विसरलं गेलं, असं मला दिसतं.

व्हासियू गावाजवळ भूमिगतांनी दोस्तांच्या विमानांसाठी धावपट्टी सपाट करायला घेतली होती. २१ जुलैला आकाशात ग्लायडर, म्हणजे बिनइंजिनाची विमानं, दिसली तेव्हा काहींना वाटलं आपलीच कुमक आली. ती जर्मन होती. पुढच्या काही दिवसांत सहाशेच्या वर लढवय्ये आणि दोनशेच्या आसपास गावकरी मारले गेले. महिन्याभराने दक्षिण फ्रान्समध्ये दोस्त सैन्य उतरलं आणि तो भाग मोकळा झाला. टेम्प्सफर्डची विमानं तेव्हाही, चंद्र बघूनच, उडत होती.